खुशालराव बोलतात

शेंदूरजनाघाटात मला सगळे बाई म्हणतात. तारा हे नाव आता आधार कार्डापुरतंच उरलंय. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय, की मी 'या, बसा' म्हटलं तरी बसलेला माणूस दचकून उभा राहतो. आमचे यजमान कमलाकांत गावात भिक्षुकी करतात. ते पुटपुटतात, मी ओरडते. संसार झाला.

पण मला सांगायचं आहे ते पौर्णिमाबद्दल. ती माहेरची अंजनगाव सुर्जीची, आमच्या गावच्या खुशालरावांची सून, गजेंद्रची बायको. चणीनं लहान, बोलायला कमी. लग्नात कुणीतरी विचारलंच होतं, "पोट्टी मुकी तं नाही ना?" मुकी कसली! तिला बोलायला वेळच कुणी दिला नाही. पहिली मुलगी झाली, आकांक्षा. चौथ्या वर्षी अमरावतीच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं निदान केलं. घरात तो शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून सासूबाई, सुभद्राबाई, त्याला 'तिचं थे' म्हणायला लागल्या.

'तिचं थे' म्हणजे काय, हे पौर्णिमाला एकटीलाच कळत होतं. फ्रॉकच्या मानेवरचं लेबल कापल्याशिवाय तो अंगात घालायचा नाही. भात पांढराच हवा, वरणाचा थेंब पडला की ताट भिंतीवर. कुकरची शिट्टी व्हायच्या आत पोरीचे कान आपल्या हातांनी झाकायचे. लग्नाला जायचं तर वरात येण्याआधी जेवून निघायचं. केस कापायचे ते झोपेत, एका दिवशी एक बाजू. दर मंगळवारी पहाटेच्या एसटीनं वरूड, मोर्शी करत अमरावती, डाव्या बाजूची तिसरी खिडकी. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं की पौर्णिमा हात जोडायची. कुणी उठायचं, कुणी म्हणायचं, "एक ठेवून देनं, सुतासारकी सुदी येते." गाडीभर उंटावरचे शहाणे. मी असते तर त्याच्याच ठेवून दिली असती.

आकांक्षाचं नाव माझ्या शाळेच्या पटावर होतं. पोरगी मात्र घरी असायची.

घरात तिची सोबत एकच, आजोबा. खुशालराव तिला सकाळ-संध्याकाळ बागेत न्यायचे. संत्र्याच्या ओळींतून म्हातारा पुढे, पोरगी दहा पावलं मागे. तो झाडांशी, पंपाशी, कुत्र्याशी, देवाशी सतत बोलायचा आणि मध्येमध्ये तंबाखूचा ओला खोकला काढायचा. ती झाडांच्या बुंध्यांना बोट लावत चालायची. तिनं कधी उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ती कुणाशीच बोलत नव्हती.

परवाच्या कार्तिकात खुशालराव गेले. दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं, त्या कलकलाटात आकांक्षा भिंतीवर डोकं आपटायला लागली. गाडीत बसवलं की ती शांत राहते, म्हणून गजेंद्रनं तिला आणि पौर्णिमाला जीपमध्ये घालून नदीवर आणलं. जीप बाभळीखाली उभी, पुरुष मंडळी पाण्याजवळ. आमचे यजमान चाळीस वर्षं कावळ्यांशी वाटाघाटी करत आलेत, पण त्या दिवशी कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. फांदीवर सात-आठ बसलेले, एकही खाली येईना. गजेंद्रनं सगळी वचनं देऊन झाली. बाग विकणार नाही, आईला अंतर देणार नाही, दारू शिवणार नाही. कावळे आपले माना वाकड्या करून बघताहेत.

तेवढ्यात मागून खोकला आला. तोच, ओला, दोनदा. आणि मग, "चाला, उठा. झालं सारं."

यजमान सांगतात, आवाज पोरीचाच होता, पातळ. पण चाल म्हाताऱ्याची. 'सारं'वर जो हेल काढायचे खुशालराव, तो जसाच्या तसा. सगळ्यांनी वळून पाहिलं तर जीपच्या खिडकीत आकांक्षा, नजर बाभळीच्या शेंड्यावर. आणि इकडे कावळा उतरला, पिंड फुटला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी यजमानांना म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी मोठी शहाणी. पण पंधराच दिवसांनी मी त्यांच्या बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भरदुपारी येत होते. आमच्याकडे डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात, बाग ताणावर सोडली म्हणतात. झाडाला महिना-सव्वा महिना तहानलेलं ठेवायचं, पानं कोमेजून गळायला लागली की मगच पाणी सोडायचं. मग झाड जिवाच्या भीतीनं फुलतं. अशा बागेत दुपारी पाखरूही नसतं. पाचोळा पडल्याचा आवाजसुद्धा मोजून घ्यावा इतकी शांतता. आणि त्या शांततेत ओळीच्या पलीकडून खोकला आला. "कोन आहे थो?"

"मी तारा, खुशालराव," मी म्हणाले. म्हटलं, आणि मग आठवलं, ते तर गेलेत. झाडाआडून आकांक्षा निघाली. एका बुंध्याला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं, माझ्याकडे न बघता माझ्या बाजूनं गेली. तिच्या खांद्यावर आजोबांचा दुपट्टा होता.

तो दुपट्टा सुभद्राबाईंनी घातला होता. बाईचा पंचेचाळीस वर्षांचा जोडीदार गेलेला, आणि त्याची बोलणी घरात रोज उमटताहेत. काय करील बिचारी? दुपारी चारला पोरगी म्हणायची, "चहा टाक वं." सुभद्राबाई चहा करून तिच्यापुढे कपबशी ठेवायच्या. तो थंड होईपर्यंत समोर बसून राहायच्या. एक दिवस मी पाहिलं, नऊ वर्षांच्या नातीसमोर येताना त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "अजी, आज पाय दुखते का तुमचे?" असं त्या तिला विचारत होत्या. पोरगी पंख्याकडे बघत होती. मी माझा चहा तसाच ठेवून उठले.

पौर्णिमानं हे अमरावतीच्या मॅडमना सांगितलं, त्या आकांक्षाला बोलायला शिकवतात. मॅडम म्हणाल्या, यात भूतबीत काही नाही. काही मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी जपून ठेवतात, महिनोन्महिने. आणि जिथं तसंच काही वाटतं तिथं ते वाक्य काढतात. तुम्ही वहीत लिहा. कोणतं वाक्य, कुठं बोलली, तेव्हा तिला काय हवं होतं.

पौर्णिमा लिहायला लागली. बारावी सायन्सची पोरगी, अक्षर मोत्यासारखं. मला ती वही तिनं दाखवली. 'चाला, उठा, झालं सारं': म्हातारा कुणाच्याही घरून निघताना असं म्हणायचा. म्हणजे नदीवर पोरीला घरी जायचं होतं, एवढंच. 'कोन आहे थो': अनोळखी पाऊल वाजलं की. म्हणजे ती मला भ्याली होती, मी तिला भ्याले. असं एकेक करून पौर्णिमानं शंभराच्या वर वाक्यं उकलली. रात्रंदिवस स्वतःच्या लेकीचं भाषांतर करत होती ती. काही वाक्यांपुढे मात्र जागा कोरी. "हे कोनाचं, कवाचं, मले समजलंच नाही, बाई," ती म्हणाली. मी उगाच पान उलटलं.

घरात तिनं हे समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात जानेवारीच्या तीन तारखेला आकांक्षा पंपघराशी उभी राहून म्हणाली, "सोड पानी." ताण पुरा व्हायला अजून दहा-बारा दिवस हवे होते. पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल की कच्चा ताण मोडला तर फूल येत नाही, नुसती पालवी फुटते. पण गजेंद्रचे डोळे भरून आले. "बाबानं सांगतलं," म्हणाला, आणि त्यानं मोटर चालू केली.

पौर्णिमाच्या वहीत त्याचं उत्तर होतं. मोटर सुरू झाली की आजोबा पोरीच्या पायांवर पहिलं गार पाणी सोडायचे. तिला तेवढंच हवं होतं. तिच्या पायांवर पाणी कुणी सोडलंच नाही.

आणि आठव्या दिवशी अवकाळी आला. सगळ्यांच्या बागा अर्धवट ताणावर भिजल्या, कुणाचं फूल धड निघालं नाही. गजेंद्रची बाग तेवढी, आठ दिवस आधी पाणी मिळाल्यानं कळ्या धरून बसलेली, पांढरीशुभ्र फुलली. फेब्रुवारीत तो वास एवढा गोड पसरला की रस्त्यानं जाणारी माणसं गाड्या थांबवायची. शेजारचा शेषराव, स्वतःला नास्तिक म्हणवणारा, नारळ घेऊन आकांक्षापुढे बसला. "काका, माहा बोअर कुठं मारू?" मग वरूडहून माणसं यायला लागली. पोरीला पाटावर बसवायचं, अष्टगंध लावायचं, उदबत्त्या पेटवायच्या. तिला उदबत्तीच्या वासानं ओकारी यायची. ती स्वतःच्या मनगटाला चावायची, तेही लोक बघायचे आणि हात जोडायचे.

मंगळवारची अमरावती सुटली. मंगळवारी जास्त माणसं येतात, असं सुभद्राबाई म्हणाल्या.

अमरावतीच्या त्या मॅडमकडे एकदा, फक्त एकदा, आकांक्षानं रिकामा पेला उचलून "पाणी" म्हटलं होतं. कुणाच्याच चालीत नाही. पौर्णिमा ते सांगताना माझ्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडली. मॅडमचं म्हणणं होतं, आता आठवड्यातून एकदा पुरणार नाही. जूनपासून तिला तिथल्या विशेष शाळेत घाला, तुम्ही खोली घेऊन राहा. नाहीतर ही पोरगी दुसऱ्यांचं बोलत बोलत मोठी होईल आणि स्वतःचं बोलणं राहून जाईल. पौर्णिमाला तेवढंच हवं होतं आयुष्यात. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

सुभद्राबाई नातीकडे बघून म्हणाल्या, "यायले कुठं नेता? यायचं घर हे आहे." गजेंद्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा. शेवटी म्हणाला, "अखजीले बाबालेच इचारू. बाबा म्हनन थे."

"बाई, तुमी या त्या दिवशी," पौर्णिमा मला म्हणाली. "तुमचं आयकतात सारे."

अक्षय तृतीयेला, म्हणजे अखजीला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. वर्षातलं पहिलं असलं तर भाऊबंद सगळे येतात. त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं. बाहेर ऊन इतकं की अंगणाकडे बघवत नव्हतं. समई विझू नये म्हणून कूलर बंद, पंखा बंद. मधोमध पाण्यानं भरलेली घागर, तिच्यापुढे खुशालरावांचं पान वाढलेलं, पुरणपोळी, चिंचोणी, कुरडया, भजी. आणि पानामागे पाटावर आकांक्षा, खांद्यावर दुपट्टा. घामानं अष्टगंध ओघळून भुवईपर्यंत आलेलं. ती पुढेमागे डोलत होती. यजमानांचे मंत्र संपत आले. पौर्णिमा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती.

सुभद्राबाईंनी पदर पुढे ओढला. "अजी," त्या म्हणाल्या, "पोट्टीले अमरावतीले धाडाव का नाही? तुमी म्हनान तसं."

पोरगी डोलायची थांबली. मग तो खोकला आला, दोनदा.

"देवा," खुशालराव म्हणाले, "हिले माह्या आधी ने."

आधी कुणाला काही उमजेना. मग सुभद्राबाईंच्या तोंडून हुंदका फुटला, कारण त्यांनी हे वाक्य आधी ऐकलं होतं. पोरगी थांबली नाही. पण आता खोकला नव्हता. आता शब्द नाकातून, भरभर, टोक तोडत येत होते, आणि ती चाल खोलीतल्या प्रत्येकाच्या रोजच्या ओळखीची होती.

"आपल्या हातानं थोडंच करनं आहे? शेततळ्याचं फाटक राहू द्या एखांद्या दिवशी उघडं. पानी पाहून जाते थे पोट्टी."

ती सुभद्राबाईंची चाल होती. जिवंत माणसाची. बाई तिथंच समोर बसल्या होत्या, तोंड उघडं, पदर डोक्यावरून खाली सरकलेला.

मेलेला माणूस जिवंत बायकोच्या आवाजात बोलत नसतो, एवढं तिथं बसलेल्या सगळ्यात मठ्ठ माणसालाही कळलं. शेषराव पाटापासून मागे सरकला. पोरगी आता तिसऱ्याच चालीत बोलत होती, जाड, दमलेल्या. "दुसरं लगन कर म्हनत होते तुमी. तवाच आयकाले पाह्यजे होतं मी." गजेंद्रनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती कुणाकडेच बघत नव्हती. कुणावर रागवलेलीही नव्हती. मोठी माणसं आपल्याभोवती गोल करून आपल्याबद्दल ठरवायला बसली की काय म्हणतात, ते तिला पाठ होतं आणि ती ते म्हणत होती.

मी उठून तिला उचलावं म्हणून पुढे झाले. आणि तिनं मोठ्यानं, अगदी स्वच्छ, शाळेतल्या भाषेत म्हटलं:

"उद्यापासून हिला आणू नका. बाकीच्या मुलांचं नुकसान होतं. पटावर नाव राहू द्या, पण घरीच ठेवा."

त्या खोलीत अशी भाषा बोलणारी दोनच माणसं होती. एक, आमचे यजमान, माझ्याकडे बघत होते. दुसरी मी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेची तपासणी होती, ती वर्गात किंचाळली, मी वैतागले. पौर्णिमानं मान खाली घालून पोरीचा हात धरला आणि गेली. मी ते विसरून गेले होते. खरंच विसरले होते, वहीतल्या याच वाक्यापुढच्या कोऱ्या जागेवरून माझं बोट फिरलं तेव्हा क्षणभर काहीतरी टोचलं, तेवढंच. थकलेली माणसं बोलून जातात आणि विसरतात. ऐकणारं कुणी आहे असं वाटत नाही, कारण ते पंख्याकडे बघत असतं. मला त्या घागरीपुढे जी लाज वाटली, तशी आयुष्यात वाटली नाही.

पौर्णिमा चौकटीतून आली. तिनं लेकीच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, सासूच्या मांडीवर ठेवला. पोरीचा हात धरला आणि माणसांतून वाट काढत आतल्या खोलीत गेली. पान तसंच राहिलं. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही.

जूनमध्ये गजेंद्रनंच जीपमध्ये सामान भरलं, गॅस, गाद्या, पोरीची पांढरी ताटली. सुभद्राबाई फाटकाशी उभ्या होत्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा नातीला म्हणाल्या, "येजो बरं, माय." पोरीनं फाटकाच्या गजांना एकेक करून बोट लावलं आणि गाडीत बसली.

गेल्या महिन्यात मी अमरावतीला गेले, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेले. दोन लहान खोल्या, शाळा पायी दहा मिनिटांवर. आकांक्षा आता पाच-सहा शब्द स्वतःचे बोलते. पाणी, नको, बस, आई. आई म्हणाली त्या दिवशी पौर्णिमानं मला फोन केला होता, आणि मी यजमानांना उठवून सांगितलं होतं. जुनी वाक्यंही येतात अजून, कमी झालीत. ती आतल्या खोलीत काहीतरी गुणगुणत बसली होती. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होतो. मी आता तिच्याजवळ सांभाळूनच बोलते. त्याला काय अर्थ, पण बोलते.

"वही भरली, बाई," पौर्णिमा म्हणाली. "साऱ्यायचं साऱ्यायचं सापडलं. बाबाचं, आईचं, यायचं, तुमचं. शेषरावभाऊचं सुदिक एक निंगालं. फक्त माह्यं एकबी नाही आलं अजून."

"बरं आहे की मग," मी म्हणाले.

"नऊ वर्षं झाले, रातदिवस मीच आहो तिच्याजोळ. सगळ्यात जास्त तिनं मलेच आयकलं असन. अन् माह्यं एक वाक्य नाही. रोज सकायी उठली का मी वाट पाह्यतो, आज येईन का."

"अगं, तू काही वाईट बोललीच नसशील तिला."

पौर्णिमानं चहात चमचा फिरवला.

"बोलली, बाई," ती म्हणाली. "दोनदा."

आतल्या खोलीतलं गुणगुणणं थांबलं. पौर्णिमानं हातातला चमचा आवाज न करता ओट्यावर ठेवला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.